बनुबाई कुणाचं नाव घेत नसे

पडदा वर जातो तेव्हा सकाळचे नऊ वाजलेले असतात. जागा भिंगारच्या छावणीतली, एका मेजर साहेबाच्या बंगल्याची मागची पडवी. डाव्या अंगाला स्वयंपाकघर, त्याच्या धुराड्यातून धूर निघतोय. उजवीकडे कडुलिंब आणि त्याच्यामागे नोकरांच्या खोल्यांची ओळ. मध्यभागी वेताच्या खुर्चीवर मेजर साहेब, शेजारी मडम, तिच्या मांडीवर दोन वर्षांची लेक. पुढ्यात टेबल, टेबलाशी फौजदार. आणि पायऱ्यांखाली उन्हात ओळीनं उभ्या असलेल्या सात बायका, पदर नाकापर्यंत ओढलेला. साल बेचाळीस, सप्टेंबर संपत आलेला.

साहेब आणि बायका यांच्या बरोबर मधल्या पायरीवर दहा वर्षांची एक मुलगी उभी आहे. अंगात निळा फ्रॉक, पायांत कापडी बूट, कपाळावर हिरवं गोंदण. ती बनू.

हा प्रवेश मी रंगमंचावर दोनशेच्या वर वेळा केला. फ्रॉक घालून नव्हे, माझं वय तेव्हा त्रेपन्न होतं. पण नुसत्या उभं राहण्यातून मी ती मुलगी दाखवायची आणि पहिल्या रांगेतले लोक डोळे पुसायचे. तो प्रवेश खोटा होता. आज जसा घडला तसा लिहिते. टाळ्यांची सवय लागलेल्या माणसाला हे जड जातं, पण बनुबाई आता नाही, आणि माझ्याशिवाय हे लिहिणारं कुणी उरलेलं नाही.

बनुबाई आमच्या नाटक कंपनीत आली ती सहासष्ट साली. मी बावीस वर्षांची, नवी नटी. ती चौतिशीची, विधवा, एका मुलाची आई. कपडेपट तिच्याकडे होता. कोळशाची इस्त्री ती अशी चालवायची की नऊवारीची घडी पुस्तकासारखी उघडावी. भरजरी शालूवर ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवायची ती युक्ती नगर जिल्ह्यात दुसऱ्या कुणाला येत नव्हती. कुठं शिकलीस म्हणून विचारलं तर म्हणायची, बंगल्यावर.

तिची एक खोड सगळ्या कंपनीला माहीत होती. ती कुणाचंच नाव घेत नसे. नवऱ्याचं नाव बायका घेत नाहीत हे ठीक, पण ही स्वतःच्या मुलालाही ‘आमचा’ म्हणायची. मला ‘धाकटी’. मॅनेजर म्हणजे ‘चष्मा’. आमचा नायक अमृत, देखणा आणि खोडकर. तो मुद्दाम आपला फेटा पाठीमागे धरून म्हणायचा, "बनुबाई, हा कुणाचा ते सांगा आणि न्या." ती शांतपणे म्हणायची, "ज्याच्या मिशा घामानं सुटत्यात, त्येचा." सगळे हसायचे, फेटा तिला मिळायचा.

एकदा राहात्याच्या मुक्कामात दासीचं काम करणारी मुलगी तापानं पडली. फक्त आत यायचं आणि कोण आलंय त्याची वर्दी द्यायची, एवढंच काम. मी बनुबाईच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. ती म्हणाली, मला झाडू मारायला उभी कर, पाणी द्यायला लाव, पण माझ्या तोंडी नाव घालू नको. शेवटी ती आली आणि नुसतं दाराकडे बोट दाखवून गेली. प्रेक्षक हसले. मला वाटलं, सभाधीटपणा नाही बिचारीला.

आता तिचं लहानपण. घोडेगावजवळच्या एका वस्तीवर बाप शेती करायचा. बाप आणि आई एकाच वर्षात गेले. मामा गहिनीनाथ भिंगारला मेजर साहेबाच्या बागेत कामाला होता. त्यानं भाचीला उचलून आणलं. मडमेच्या मुलीला सांभाळायला एक छोकरी हवी होती. बनू आठ वर्षांची असताना कामाला लागली.

तिच्या दिवसाचे दोन भाग होते. सकाळी मोरीत हातपाय धुऊन निळा फ्रॉक चढवायचा आणि बंगल्यात जायचं. तिथं मडमेच्या लेकीला, म्हणजे मिसीबाबाला, न्हाऊ घालायचं, बाबागाडी ढकलायची, इंग्रजी शब्द उचलायचे. मडम वाईट नव्हती, हे बनुबाई मला दहादा सांगायची. तिनं पोरीला बूट दिले, टाके घालायला शिकवलं, इस्त्री शिकवली. आणि एक गोष्ट पुन्हापुन्हा बजावली: कुणी काही विचारलं की त्याच्या डोळ्यांत बघायचं, लगेच उत्तर द्यायचं आणि खरं तेच सांगायचं.

दिवेलागणीला फ्रॉक बाहेरच्या खुंटीवर टांगून, चूळ भरून, परकर नेसूनच घरात पाऊल टाकायचं. मामी भागूबाई चुलीपाशी बसलेली असायची. तिचं शिकवणं उलटं: मोठ्यांनी विचारलं तरी खाली बघावं, आधी मामाकडं बघावं, मग जेवढ्यास तेवढं बोलावं. बंगल्यातलं काही तोंडात घालायचं नाही, बिस्किटात अंडं असतं. बनूनं कधी चुकून मामीच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलं की मामी म्हणायची, "आली मडम. पाट देऊ का खुर्ची मांडू?" खोल्यांमधली पोरं तिला गोरी म्हणायची. ती मामीपेक्षाही काळी होती.

त्या वर्षी ऑगस्टात देशभर पेटलं. मोठमोठ्या पुढाऱ्यांना आणून नगरच्या किल्ल्यात ठेवलं होतं, त्यामुळे छावणीत जागोजाग पहारे. घोडेगावच्या रस्त्यावर कुणीतरी तारा तोडल्या. त्यानंतर आठवड्याभरात बंगल्यावर गवत कापायला एक नवा गडी आला. गोरक्ष नाव सांगितलं. बरोबर त्याची बायको मनकर्णा, सतरा-अठरा वर्षांची, पोटुशी. मामाच्या शेजारची खोली त्यांना मिळाली. तो मामाच्या ओळखीचा निघाला म्हणून मामानंच साहेबाकडे शब्द टाकला होता.

मनकर्णेनं बनूला जीव लावला. मामी वेणी घालताना केस ओढायची, ही तेल लावून हळुवार घालायची. तिनं कधी फ्रॉकवरून टोमणा मारला नाही. उलट एकदा फ्रॉकच्या कॉलरवरून बोट फिरवून म्हणाली होती, मला मुलगी झाली तर असाच शिवून दे.

मग गौरी आल्या. मामीच्या घरी खोल्यांतल्या सगळ्या बायका जमल्या. गौरी जेवल्यावर उखाण्यांची टूम निघाली. एकेकीनं देवीपुढं नवऱ्याचं नाव घेतलं. नव्या बाईची पाळी आली तेव्हा ती गप्प. बायका मागे लागल्या. घोडे सांभाळणाऱ्याची म्हातारी बायको दगडाबाई म्हणाली, "घे की गं, नाव घेतल्यानं झिजत न्हाई त्यो." मनकर्णा उठली, बनूला जवळ ओढलं आणि तिच्या कानात बोलली. देवीपुढं खोटं नाव घेववत नाही, म्हणून खरं तुझ्या कानात घालते. ते तुझ्या कानातच राहू दे. मग सगळ्यांना ऐकू जाईल असा अर्धा उखाणा म्हणून, नावापाशी येताच तोंडाला पदर लावून बाहेर पळाली. बायका हसल्या. लाजरी म्हणाल्या.

गोरक्षाचं खरं नाव रामहरी होतं. तारा तोडणाऱ्यांत तो होता.

दहाएक दिवसांनी तो सकाळचा प्रवेश घडला. रामहरी नावाचा माणूस खोट्या नावानं बायकोसह भिंगारच्या नोकरांत लपलाय, एवढी खबर फौजदाराला होती. चेहरा माहीत नव्हता. पुरुषांनी काय, तोंडाला येईल ते नाव सांगितलं. फौजदार इकडचाच होता. त्यानं बायकांना उभं केलं. त्याचा हिशेब असा, की खऱ्या नवऱ्याचं नाव बाई चारचौघांत घेणार नाही. जी पटकन नाव सांगेल तिथं पाणी मुरतंय. हा डाव मनकर्णेनं ओळखला असणार. तीही इतरांसारखी मान खाली घालून उभी राहिली.

आपल्याकडे अशा वेळी काय करतात? बाई गप्प राहिली की शेजारचं लेकरू नाव सांगतं. तलाठ्यापुढं, डॉक्टरपुढं, सगळीकडे हीच रीत. फौजदारानं बनूला पुढं घेतलं, आणि मडमेला समजावं म्हणून इंग्रजीतही सांगायला लावलं. पहिली मामी. बनू म्हणाली, गहिनीनाथ. पुढच्या तिघींची नावं तिनं धडाधड सांगितली. पाचवी दगडाबाई. ती फौजदाराला म्हणाली, न्यायचाच असेल माझा म्हातारा तर बिननावाचाच न्या, दोन वेळा खातो लई. फौजदाराची मिशी हलली. काय म्हणाली म्हणून मडमेनं विचारलं. बनूनं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. मडम खळखळून हसली आणि तिनं बनूच्या केसांवरून हात फिरवला.

सहावी मनकर्णा.

सत्त्याण्णव साली, स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, मी एकपात्री प्रयोग बसवत होते. कंपनी कधीच मोडली होती. बनुबाई भिंगारला माझ्या दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि अजूनही माझ्या साड्यांना इस्त्री करायची. जुनं काही सांग म्हणून मी तिला छेडलं. तिनं हे सगळं सांगितलं, अर्थात एकाही नावाशिवाय. ‘नव्या बाई’पाशी आली आणि थांबली. पुढं काय झालं विचारलं तर म्हणाली, पुढं काय, संपलं.

मला शेवट हवा होता. मी तो लिहिला. माझ्या प्रयोगात मुलगी सहाव्या बाईपाशी मुकी होते. फौजदार धमकावतो, ती गप्प. मडम बिस्किटाचं आमिष दाखवते, ती बिस्किट पायरीवर फेकून देते. दिवे मंदावतात. पहिल्या प्रयोगानंतर मी बनुबाईला मंचावर बोलावून हीच ती मुलगी म्हणून ओळख करून दिली. शाल दिली, नारळ दिला. लोक उभे राहिले. ती खाली बघत होती. घरी येताना रिक्षात म्हणाली, "त्या पोरीला लई चांगलं केलंस, धाकटे." मी ते कौतुक समजले. सत्तावीस वर्षं कौतुकच समजत होते.

गेल्या वर्षी जुलैत मला एक फोन आला. राहात्याकडच्या शाळेतल्या शिक्षिका, ज्ञानेश्वरी. त्यांच्या मुलांनी पंधरा ऑगस्टसाठी माझा तो प्रवेश बसवायला घेतला होता, आणि तालीम बघताना यांच्या अंगावर काटा आला होता. भिंगार, मेजरचा बंगला, गवत कापणारा गडी, पोटुशी बायको. ही त्यांच्या आजी-आजोबांची गोष्ट होती. नावं मला त्या दिवशी कळली. रामहरीला त्याच सकाळी बंगल्यावरून नेलं होतं. फटक्यांची शिक्षा झाली, मग येरवडा. आठ महिन्यांनी तुरुंगातच तापानं गेला. मनकर्णा माहेरी आली, मुलगा झाला, आदिनाथ. तो चार वर्षांचा असताना तीही गेली. कुणी नाव फोडलं हे तिनं भावांनी खोदून विचारूनही सांगितलं नाही.

"पण आम्हाला माहीत आहे," ज्ञानेश्वरीबाई म्हणाल्या. "बागेत काम करणारा तो गहिनीनाथ. त्यानं स्वतः कबूल केलं होतं. आमच्याकडे अजून त्याचं नाव निघालं की थुंकतात. त्याच घरातली एवढीशी मुलगी मात्र गप्प राहिली. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवायचंय."

मी आनंदानं धावत बनुबाईकडे गेले. ती ब्याण्णव वर्षांची, खाटेवर बसून पोलक्याला हातशिलाई घालत होती. मी सगळं सांगितलं. गहिनीनाथचं ऐकल्यावर तिनं सुई पोलक्यात टोचून ठेवली.

"मामानं न्हाई," ती म्हणाली. "म्या सांगितलं."

मग कळलं. अटकेनंतर पंधरा दिवसांनी मनकर्णेचे भाऊ मामाच्या दारात आले होते. मामानं पोरीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, चूक माझ्या तोंडून झाली. त्यांनी त्याला अंगणात मारलं. खोल्यांतल्या बायकांना सगळं माहीत होतं, पण मामीनं सगळ्यांच्या हातापाया पडून तोंडं बंद केली, पोरीचं लग्न व्हायचंय म्हणून. मामा पुन्हा कधी घोडेगावच्या बाजाराला गेला नाही. तिथं ओळखीचे भेटायचे. भाचीला शब्दानं बोलला नाही. छप्पन साली वारला.

आणि हे ऐकून मी काय केलं, तेही लिहायला हवं. मी तिची समजूत घालायला लागले. ब्याऐंशी वर्षं झाली, मामा नाही, मनकर्णा नाही, कुणाचं काय भलं होणार. त्या बाई भक्तिभावानं येतायत, मुलांनी प्रवेश बसवलाय. तू नुसती बस, काही बोलू नको. तोंडानं मी तिची काळजी दाखवत होते. मनात माझा प्रयोग होता. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, कधी येणार?

चौदा ऑगस्टच्या दुपारी ज्ञानेश्वरीबाई आल्या. पन्नाशीच्या, चष्मा, खांद्याला पर्स, हातात शाल आणि पेढे. खोलीत शिरल्या त्या थेट वाकल्याच. बनुबाईनं पाय खाटेवर ओढून घेतले.

बाई म्हणाल्या, "असं काय, आजी? नमस्कार तरी करू द्या."

"आधी बस," बनुबाई म्हणाली. "च्या ठेवलाय हिनं. तुज्या आजीसारखी हाईस. कान तसेच."

मी चहा दिला. मधे पडून पावसाचं, रस्त्याचं, शाळेचं विचारत राहिले. नटीला प्रवेश लांबवता येतो. बनुबाईनं मला हातानं गप्प केलं. पाठ ताठ केली, ज्ञानेश्वरीबाईंच्या डोळ्यांत बघितलं. आणि अट्ठावन्न वर्षांच्या ओळखीत मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते ऐकलं.

"रामहरी," ती म्हणाली. "रामहरी हे त्याचं खरं नाव. अशी पडवीत उभी ऱ्हाऊन बोलले. फौजदारानं दोनदा विचारलं, दोन्ही बारीला सांगितलं. माझा मामा गहिनीनाथ तवा बागेत पाणी धरत हुता. त्येनं माज्यापायी आळ घेतला. तुमच्या लोकांस्नी सांग, त्येच्या नावानं थुकू नका."

ज्ञानेश्वरीबाईंनी कप खाली ठेवला. बाहेर भाजीवाल्याचा टेम्पो भोंग्यावर कांदे-बटाटे पुकारत गेला. मग त्यांनी, शिक्षिकाच त्या, मुलाला सावरून घ्यावं तसं विचारलं की तुम्ही लहान होता, ते नाव लपवायचं आहे हे तुम्हाला कळलं नसेल ना?

"कळत हुतं. तिनं गौरीपुढं कानात सांगितलेलं. कानातच ठेव म्हणाली हुती."

मी न राहवून म्हणाले, "भ्याली असशील गं. दहा वर्षांचं पोर, समोर साहेब, फौजदार."

"न्हाई भ्याले," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मग तिनं ते सांगितलं. मनकर्णा सहावी उभी होती, मान खाली, पण घाबरलेली नव्हती. बनू गोरक्ष म्हणेल याची तिला खात्री होती. सगळे त्याला तेच म्हणायचे. फौजदारानं बनूला विचारलं, हिच्या नवऱ्याचं खरं नाव काय, नीट सांग. तेव्हा मडम त्याला इंग्रजीत म्हणाली, ही मुलगी कधीच खोटं बोलत नाही. ते वाक्य त्या सगळ्या ओळीत फक्त बनूला कळलं. मडमेनं तिच्याकडे बघितलं. तसं आजवर बनूकडे कुणी बघितलं नव्हतं, मामीनं नाही, मनकर्णेनंसुद्धा नाही. आणि बनूनं तिच्या डोळ्यांत बघून, लगेच, खरं तेच सांगितलं. मनकर्णेनं तेव्हा मान वर केली. फौजदाराचे शिपाई तोवर गवताच्या गंजीकडे पळाले होते.

ज्ञानेश्वरीबाई रडत होत्या. शाल त्यांच्या मांडीवर तशीच होती. त्यांनी बनुबाईचा हात धरला आणि म्हणाल्या, माझ्या आजीनं तुमचं नाव कधी सांगितलं नाही, म्हणजे तिनं तुम्हाला केव्हाच माफ केलं असणार. मी छताकडे बघून सुटकेचा श्वास सोडला. इथं पडदा पडायला हरकत नव्हती. माझ्या हातात असतं तर मी इथंच पाडला असता.

बनुबाईनं हात हळूच सोडवून घेतला.

"मडमेनं डबा उघडून मला बिस्किट दिलं," ती म्हणाली. "हिच्या नाटकात म्या ते फेकलंय. म्या फेकलं न्हाई. तिथंच पायरीवर बसून खाल्लं, तिकडं त्याला बांधत हुते तवा. आन् ते सरल्यावर म्या आनखी एक मागितलं."